काळदंत, कायदंत आणि देवमनची वही

अकोटच्या एका जीन-प्रेसमध्ये देवमन इंगळे गठाणींवर मार्के मारायचा. रुई दाबून, गोणपाटात गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गठाण प्रेसमधून बाहेर पडली, की तो तिच्या अंगावर पत्र्याचा साचा धरी, काळ्या रंगाचा ब्रश त्यावरून एकदा फिरवी आणि साचा उचली. व्यापाऱ्याचं चिन्ह, गठाणीचा आकडा, रुईची जात. एवढंच. पण मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या, अकोट कधी न पाहिलेल्या माणसाला ती गठाण कुठली नि कुणाची, ते देवमनच्या त्या एका फटकाऱ्यावरून कळायचं.

कामाला लागला त्या पहिल्याच हंगामात त्याच्या हातून साचा उलटा पडला होता. अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उमटली. म्हातारा शालिकराम तेव्हा मुख्य मार्केवाला होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. गठाणीजवळ उकिडवा बसून तो म्हणाला, "लेका, माणूस खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता येते, बाप्पा, काल चुकलो. गठाण एकदा गेली की तिले हाका मारता येत नाई." दोघांनी मिळून वरचं गोणपाट बदललं. त्यानंतर देवमनचा मार्का कधी चुकला नाही. आपल्यापाशी अभिमान धरावा असं काही असलंच, तर तेवढंच आहे, असं त्याला वाटायचं.

बोलण्याच्या बाबतीत तो फार भित्रा. कुणी नाव विचारलं तरी आधी खाली पाहायचा. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याची थोरली बहीण चतुराबाई बोलायची. आई गेली तेव्हा देवमन पाच वर्षांचा होता आणि चतुराबाई बारा वर्षांची. तिनं खुरपं हातात घेतलं आणि त्याला शाळेत बसवलं. "दोघं शिकाले पुरत नाई," ती म्हणाली होती, "तू शीक. मी ऐकतो." चौथीपर्यंत तो शिकला. रोज संध्याकाळी धडा वाचून दाखवायचा आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. पुढे तिचं लग्न झालं, दुसऱ्याच वर्षी नवरा वारला, ती माहेरी परत आली आणि माहेरचंच नाव लावू लागली. देवमनच्याच जिनात ती कापूस निवडायला बसे. पांढऱ्याशुभ्र ढिगात एक पिवळं बोंड असलं, तर सगळ्या बायांच्या आधी तिचा हात त्यावर पडायचा.

१९५३ च्या दिवाळीपासून पुण्याहून 'धूमकेतन' नावाची चित्रांची पुस्तिका दर महिन्याला निघू लागली. धूमकेतन हा एक निळा मुखवटा घातलेला वीर. त्याच्या खांद्यावरचं वस्त्र धुरासारखं पसरलं की तो उडायचा. त्याची सगळी शक्ती उन्हातून यायची, आभाळ भरून आलं की तो साध्या माणसासारखा दुबळा व्हायचा. सुवर्णपूर नावाच्या नगरात तो दर महिन्याला कुणा ना कुणा दुष्टाशी झुंजायचा आणि दर महिन्याला गोष्ट अर्ध्यावर तुटायची.

अकोल्याच्या मोटरीवर मोतीराम नावाचा कंडक्टर होता. अकोल्याला नवा अंक आला की तो घेऊन यायचा, आठ दिवस अकोटात ठेवायचा आणि मग तेल्हाऱ्याच्या जिनातल्या मंडळींना पोचवायचा. त्या आठ दिवसांत एका दुपारी, भाकर खाऊन झाल्यावर, चतुराबाईनं अंक देवमनच्या मांडीवर टाकला.

"वाच."

"बाई, इथं? एवढ्या बायांत?"

"बाया का तुले खाऊन राहिल्या? खाली मान घालून वाच. तशी बी तुयी मान खालीच असते."

बाया हसल्या. देवमननं खाली मान घालून वाचायला सुरुवात केली, आणि एक नवल झालं. स्वतःचं बोलायला ज्याला घाम फुटायचा, त्याला दुसऱ्याचं वाचायला काहीच अडचण पडेना. धूमकेतन गर्जायचा तिथं देवमन गर्जायचा. वाचून झालं की अंक हातोहात फिरायचा, अक्षर न येणाऱ्या बाया चित्रं पुन्हा वाचायच्या.

"उन्हात ताकद येते म्हनते न हा?" चतुराबाई म्हणाली. "मंग सुवर्णपुरात काहून रायते? चैताच्या महिन्यात अकोटले ये म्हना. पहाड उचलशीन."

अंक वाढत गेले तशी एक अडचण उभी राहिली. एखादा कपटी माणूस दहा अंकांनंतर पुन्हा उगवायचा आणि बाया विचारायच्या, "हा मांगं कवा आलता? तवा यानं काय केलतं?" देवमनला आठवायचं नाही, आणि पाहावं म्हटलं तर अंक तेल्हाऱ्याला गेलेला. म्हणून त्यानं एक जाड वही घेतली. गोष्टीत जो जो माणूस येईल, त्याचं एक पान. नाव, राहण्याचं ठिकाण, शक्ती, खोड, पहिला अंक कोणता, पुन्हा कधी आला. आणि पानाच्या डोक्यावर त्याचं चित्र.

चित्र तो हातानं काढत नसे. आपल्याला चित्र येत नाही असं त्याचं पक्कं मत होतं. त्याला येत होता साचा. बिस्किटांच्या डब्याच्या पातळ पत्र्यातून तो अंगठ्याएवढे चेहरे कापायचा: धूमकेतनचा मुखवटा, जलराक्षसाच्या मिशा, राणी मायावतीचा अंबाडा. वहीवर साचा ठेवून ब्रश फिरवला की चेहरा उमटे. पुढच्या अंकात तो माणूस पुन्हा आला की साचा चित्राशेजारी धरून पाहायचा, हा तोच की दुसरा.

पानं वर्णमालेप्रमाणे लावलेली होती, पण त्यातही एक गंमत होती. बाया नाव विचारत ते आपल्या बोलीत. वऱ्हाडात कितीतरी जणांच्या तोंडी 'ळ' चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. अंकात छापलेलं असे 'ज्वाळामुखी', बाया विचारत 'ज्वायामुखी'. म्हणून देवमन एकेक नाव दोनदा लिही, एकदा छापल्यासारखं, एकदा बोलल्यासारखं, आणि बोलल्यासारख्या नावापुढे 'अमुक पाहा' असा निर्देश करी. चौथी शिकलेल्या माणसाची ती व्यवस्था, पण विचारणारीला उत्तर सापडायचं.

आता काळदंताची गोष्ट.

काळदंत हा धूमकेतनचा सगळ्यात मोठा वैरी. त्याचा वरचा डावा सुळा काळा होता आणि तो हसला की ढग जमायचे. १९५६ सालच्या माघात अठ्ठाविसावा अंक आला. त्यात काळदंत तुरुंगातून पळतो, असं एक पानभर चित्र होतं. देवमननं वाचलं, अंक फिरला, आणि चतुराबाईपाशी येऊन थांबला.

"हा तो नोय," ती म्हणाली.

"बाई, लिवलं हाय ना खाली. काळदंत."

"मले अक्षर येत नाई, डोये तं हायेत? कायदंताचा डावा दात काया. याचा उजवा. कायदंत उजव्या हातानं तलवार धरते, हा डावरा. हा त्याचा भाऊ असन."

देवमननं साचा धरून पाहिला. साचा जुळेना. मग त्याला सुचलं म्हणून त्यानं साचा उलटा करून धरला, आणि तो तंतोतंत जुळला. त्याच्या ध्यानात आलं की चित्रच आरशातल्यासारखं छापलं गेलंय. त्याच्या पहिल्या हंगामातल्या गठाणीसारखं. पण ते सांगायचं म्हणजे सगळ्या बायांसमोर बहिणीला चुकीचं ठरवायचं, आणि तेवढं धैर्य त्याच्यात कुठलं? तो आपला हसत म्हणाला, "बरं बाई. छापलेला तो काळदंत, अन् तुया तो कायदंत."

"हासू नको. लिही मंग."

सगळ्या बाया पाहत होत्या. देवमननं वही उघडली. 'कायदंत' या नावापुढे 'काळदंत पाहा' असं आधीच होतं. ते खोडून त्यानं उलटा साचा ठेवला, ब्रश फिरवला आणि खाली लिहिलं: 'काळदंताचा भाऊ. डावरा. उजवा सुळा काळा. पहिला अंक अठ्ठावीस.' चतुराबाईनं चित्र पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. देवमनला वाटलं, घरची वही आहे, घरातच राहणार. कुणाचं काय बिघडतं?

वर्षं गेली. १९५६ च्याच दसऱ्याला वस्तीतली मंडळी धम्मदीक्षेसाठी नागपूरला निघाली, तेव्हा त्यांचा फलक देवमननंच रंगवला. चतुराबाई पांढरं लुगडं नेसून गेली आणि आल्यावर कितीतरी दिवस तिचा आवाज वेगळाच लागायचा. देवमनचं लग्न झालं, जमुना घरात आली. वही फुगत गेली. धूमकेतनच्या गुहेचा नकाशा, त्याच्या तीन अंगठ्या, सुवर्णपूरच्या वेशी, सगळं त्यात आलं.

दोन जुने अंक मात्र त्यानं पाहिलेलेच नव्हते. मोतीरामला तेव्हा ताप आला होता. ते अंक अमरावतीला एका वकिलाचे मुन्शी खुशालराव यांच्याकडे आहेत असं कळलं, तेव्हा देवमन एका उन्हाळ्यात मोटरीनं अमरावतीला गेला. इतवारा बाजाराजवळचं घर. दारात उभा राहून 'मी अकोटचा, धूमकेतनसाठी आलो' एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला. खुशालराव अंक घराबाहेर देईनात, पण म्हणाले, "बैठकीत बसा अन् लागन तेवढं उतरून घ्या." दुपारभर तो बसून उतरत होता. मधे माणिकबाई, खुशालरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. घरातल्या सगळ्यांच्या हातात ज्या कपबशा होत्या, त्यातलीच एक त्याच्याही हातात दिली आणि दुसऱ्या कपाबद्दलही विचारलं. इतर कुणाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. देवमननं मात्र वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं कुणी पाहणार नाही अशा जागी, त्या दोघांची नावं लिहून ठेवली.

१९६१ च्या जुलैत पुण्याला पूर आला. धरणं फुटली, नदी घरादारांतून वाहिली. ऑगस्टात धूमकेतन आला नाही, सप्टेंबरातही नाही. मग एक दिवस मोतीरामनं अकोल्याहून वर्तमानपत्राचं एक पान आणलं. त्यात पुस्तिकेच्या संपादकांचं निवेदन होतं. छापखाना पाण्यात गेला होता. सात-आठ वर्षांची मूळ चित्रं, ती छापायचे ठोकळे आणि जुने अंक, काही उरलं नव्हतं. लेखक थकलेले, चित्रकार नवा. कुणाजवळ जुने अंक असतील तर कृपा करून पाठवावेत, नाहीतर मालिका बंद करावी लागेल.

देवमनजवळ अंक नव्हते. त्याच्याजवळ वही होती. आठ वर्षांची, एकच, जिची दुसरी प्रत जगात नव्हती. तो दोन दिवस घरात नुसता येरझाऱ्या घालत राहिला.

"कायचा इचार करून राहिला?" चतुराबाईनं विचारलं.

"वही रस्त्यात हरवली तं?"

"अन् त्यायचं सारं घर वाहून गेलं, त्याचं काय? आठ वर्सं त्या लोकायनं आपल्याले हासवलं. पाठ मोडेपर्यंत कापूस निवडाचा अन् दुपारी धूमकेतन आयकाचा. त्यायले आपलं नाव बी ठाव नाई. धाडून दे."

"त्यायले पसंत नाई पडली तं? हसतीन."

"हासू दे. आपन नाई का त्यायच्या राक्षसाले हासत?"

वही रजिस्टर पोस्टानं गेली. सोबत चार ओळींचं पत्र लिहायला देवमनला एक आख्खा रविवार लागला.

जानेवारीत चौऱ्याण्णवावा अंक आला, धूमकेतन पुन्हा उडाला, आणि त्याच्या पाठोपाठ देवमनच्या नावानं पुण्याचं पत्र आलं. संपादकांनी लिहिलं होतं, की तुमच्या वहीनं आम्हाला बुडताना हात दिला. अंक आमच्याकडे पन्नासेक जमले, पण कोण कोणाचा कोण, हे तुमच्याच वहीतून कळलं. नवा चित्रकार ती उशाशी घेऊन झोपतो. येत्या दिवाळीला ही वही 'धूमकेतन-परिचय' म्हणून सचित्र पुस्तकरूपानं काढावी, साचे तुमचेच वापरावेत आणि त्यावर तुमचं नाव घालावं असा विचार आहे. संमती कळवावी.

जमुनानं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं वस्तीला. मोतीराम म्हणाला, "अबे, आता मोटरीत तुले सीट द्या लागन." देवमननं पत्र इतक्या वेळा उघडलं की घडीवर ते फाटलं. आपलं नाव पुस्तकावर! चौथी पास माणसाचं. संमती त्यानं त्याच दिवशी लिहून पाठवली.

फेब्रुवारीत पंच्याण्णवावा अंक आला. दुपारी भाकर खाऊन बाया गोळा झाल्या. देवमननं मुखपृष्ठ पाहिलं. मुखपृष्ठावर काळदंत होता, आणि त्याच्या शेजारी, आरशातल्यासारखा, दुसरा एक. डाव्या हातात तलवार, उजवा सुळा काळा. वर मोठ्या अक्षरांत: 'काळदंताचा बंधू कायदंत!'

"वाच ना," बाया म्हणाल्या.

त्यानं वाचलं. चतुराबाईनं अंक हातात घेतला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्यांकडे फिरवून दाखवलं. "पाहा. मी मनत होतो का नाई? सहा वर्सं झाले. मी तवाच मनलं, हा भाऊ असन."

त्या संध्याकाळी देवमन जेवला नाही. सांगावं तर जमुनाला, म्हणून तिला सांगितलं. चित्र उलटं छापलं होतं. कायदंत नावाचा कुणी नव्हताच. 'कायदंत' म्हणजे आपल्याच बोलीतला काळदंत. आपण बायांना घाबरून खोटं पान लिहिलं आणि पुण्याच्या भल्या माणसांनी त्यावर गोष्ट रचली.

"मंग?" जमुना म्हणाली. "गोष्ट त खोटीच असते. धूमकेतन तरी कुठं खरा हाय?"

"धूमकेतन खोटा, पर वही खरी हाय ना. म्हनूनच त त्यायनं घेतली."

"अन् तुमी सांगतलं का वहीत एक खोटं हाय, त ते म्हनतीन आनखी किती असतीन. पुस्तक कायचं छापतेत मंग? नाव छापून येऊन राहिलं मानसाचं, अन् हे रडून राहिले."

जमुना म्हणत होती ते खरं होतं, आणि तेच त्याला टोचत होतं. सांगितलं तर पुस्तक जाणार. न सांगितलं तर खोटा मार्का मारलेली गठाण आपल्या नावानं गावोगाव फिरणार, तिला हाका मारता येणार नाहीत. आणि ह्याही पलीकडे एक गोष्ट होती. पत्रात लिहायचं काय? बहीण चुकली? जिनं स्वतः अक्षर सोडून त्याला अक्षर दिलं, तिची चूक त्याच अक्षरांत लिहून पुण्याला धाडायची?

तीन दिवसांनी तो चतुराबाईसमोर जाऊन बसला. ती सुपात डाळ पाखडत होती.

"बाई, एक सांगाचं होतं." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न ढकलता, त्यानं सगळं सांगितलं. अंक नव्हता, म्हणून त्यानं साचा काढला, आधी सरळ धरला, मग उलटा केला.

चतुराबाईचं सूप थांबलं. ती साच्याकडे पाहत राहिली. तिनं तो स्वतः हातात घेऊन उलटा केला, सरळ केला.

"म्हंजे तुले तवाच ठाव होतं."

"हो."

"अन् सहा वर्सं तू मले येड्यावानी भाऊ-भाऊ मनू दिलं."

"चार बायांत तुले खोटं कसं पाडू?"

"मी चुकली असती त चुकली असती. मले काय, पिवयं बोंड बी चुकते कधी." ती तोंड फिरवून बसली. सूप पुन्हा हाती घेत म्हणाली, "पन सांग, चित्र उलटं होतं, हे त खरं हाय?"

"हो."

"अन् ते म्याच पाह्यलं?"

"तूच. तुया आधी कोनीच नाई. मीबी नाई."

"मंग तेवढं लिही. जे पाह्यलं ते लिही. भाऊ मनलं ते बी लिही. काही दडवू नको. मी तुले शायेत धाडलं ते दडवासाठी नाई."

देवमननं लिहिलं. पोस्टकार्डावर मावेना म्हणून कागद घेतला. अठ्ठाविसाव्या अंकातलं ते चित्र उलटं होतं. माझ्या बहिणीच्या ते ध्यानात आलं, तिला अक्षर येत नाही पण नजर आहे. तिनं त्याला भाऊ म्हटलं. मला खरं कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही, म्हणून चूक माझी. आमच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो, कायदंत हे नाव तसं आलं. बाकीची पानं मी पुन्हा तपासून पाहावी असं वाटत असेल तर वही परत पाठवावी. पुस्तकाचं राहू द्यावं. आपण आमच्यासाठी इतकी वर्षं केलंत तेच पुष्कळ आहे. खाली आपलं नाव घातलं आणि स्वतः पोस्टात जाऊन टाकलं, की मधे मन बदलायला नको.

दीड महिना काही आलं नाही. शहाण्णवावा अंक आला. त्यात कायदंतानं, भावाचं कपट पाहून, ऐन ढगाळ दिवशी दुबळ्या धूमकेतनला पाठीवर घेऊन पळ काढला. बाया डोळे पुसत हसल्या. "मानूस चांगला निघाला तुया कायदंत," कुणीतरी चतुराबाईला म्हणाली.

मग पाडव्याच्या सुमाराला पत्र आलं. ह्या खेपेस अक्षर वेगळं होतं, थरथरतं. मालिकेचे मूळ लेखक, जे थकले होते, त्यांनीच लिहिलं होतं. 'आपलं पत्र वाचून मी मोठ्यानं हसलो, ते पुरानंतर पहिल्यांदा. आता माझी कबुली ऐका. अठ्ठाविसाव्या अंकातल्या त्या चित्राचा ठोकळाच उलटा बनला, हे मला अंक छापून आल्यावर दिसलं होतं. हजारो प्रती गेल्या होत्या. मी भीत भीत वाचकांच्या पत्रांची वाट पाहिली. एकही पत्र आलं नाही. मला वाटलं, कुणी पाहिलंच नाही. आज कळलं, की अकोटला एका बाईनं पाहिलं होतं, आणि माझ्या चुकीला तिनं चूक न म्हणता भाऊ म्हटलं. नव्या चित्रकारानं वहीतलं कायदंताचं पान दाखवलं, तेव्हा मी ते राहू दिलं ते आपल्या वहीवर विश्वास म्हणून नव्हे, माझी चूक लपेल म्हणून. तेव्हा दोषी आपण नाही. पुस्तक निघणार. कायदंताच्या पानावर ही सगळी हकीकत जशीच्या तशी छापणार. फक्त आपल्या भगिनींचं नाव आपण लिहिलेलं नाही, ते परतीच्या टपालानं कळवावं.'

देवमननं ते पत्र बहिणीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बुढा बी लपवत होता म्हंजे. तुयासारखाच."

"बाई, नाव कसं लिहू तुयं?"

"कसं म्हंजे? हाय तसं. चतुराबाई इंगये. अकोट."

देवमनची लेखणी कागदावर टेकली. पाचव्या वर्षापासून तो तिला वाचून दाखवत आला होता. जिनाच्या हजेरीबुकातही तिचं नाव त्यानंच कारकुनाला सांगून नीट करून घेतलं होतं. ह्या वेळी त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ती म्हणाली तसंच लिहिलं.

दिवाळीच्या आधी मोतीरामनं अकोल्याहून एक पुडकं आणलं. मोटर थांबायच्या आधीच तो दारातून ओरडत होता. पुडक्यात देवमनची वही होती, मेणकापडात गुंडाळून सुखरूप परत आलेली, आणि तिच्यावर नवं कोरं पुस्तक. जिनात हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुपारी भाकर खाऊन बाया बसल्या. देवमननं पुस्तक उघडलं आणि पहिलं पान वाचलं. त्याचा आवाज पहिल्यांदा काही केल्या गर्जेना.

"संकलन व साचे: देवमन इंगळे. नजर: चतुराबाई इंगये. दोघे राहणार अकोट."

एका शिकलेल्या कारकुनानं मागून डोकावून पाहिलं. "अरे, हे चुकलं ना. एक इंगळे अन् एक इंगये?"

चतुराबाईनं पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. देवमननं तिचं बोट धरून आधी आपल्या आडनावावर ठेवलं, मग तिच्या. तिनं दोन्ही आडनावं पिवळं बोंड शोधावं तशी न्याहाळली, पुन्हा पुन्हा.

"शेवटचं एक अक्षर येगयं हाय," ती म्हणाली.

"हो बाई."

"मंग बराबर हाय," चतुराबाई म्हणाली. "भाऊ-बहीण हाओत आमी. एकावानी एक कसे असू?"